मेल आला होता, पण मोबाईलवर उतरला नाही

शांतीनगर भागातील एका कारखानदार बंधूंची हकीकत आहे. मुंबईच्या एका पेढीकडून त्यांना ग्रे कापडाची ऑर्डर मिळाली. पन्ना, रीड, पिक सारे ठरले, सूत आले, सायझिंग झाले आणि बीम मागावर चढले. गुरुवारी संध्याकाळी पेढीने मेल पाठवला की, ५६ ऐवजी ५२ पिक ठेवावेत, जमत नसेल तर लगेच कळवावे. आमच्या या बंधूंच्या खिशात चांगला स्मार्टफोन होता. व्हॉट्सअ‍ॅप चालू होते, फोन येत-जात होते. मेल मात्र दिसला नाही. सोमवारी घरचे वाय-फाय, जे चार दिवस केबल तुटल्यामुळे बंद होते, ते सुरू झाले आणि एकामागून एक तीन मेल फोनवर येऊन पडले. तोपर्यंत ऐंशी ताके विणून झाले होते.

“मेल मिळालाच नाही,” असे हे म्हणाले. “आम्ही गुरुवारीच पाठवला,” असे पेढीने सांगितले. दोघेही खरे बोलत होते. शेवटी एका वडीलधाऱ्या दलालाने मध्ये पडून नुकसान निम्मे-निम्मे वाटून दिले. प्रकरण मिटले, पण प्रश्न शिल्लक राहिला. मेल आला होता तर तो चार दिवस होता कुठे?

आज भिवंडीतील लहानमोठ्या प्रत्येक धंद्याशी हा प्रश्न जोडलेला आहे. यंत्रमागवाला असो, काल्हेर-दापोड्याच्या गोदामांत माल ठेवणारा व्यापारी असो की निजामपुऱ्यातील जरीकाम करणारा कारागीर असो, ऑर्डर, बिल, बँकेचे पत्र आणि जीएसटीची नोटीस आता मेलवरच येते. तार खाते जुलै २०१३ मध्ये बंद झाले. फॅक्सचे यंत्र बहुतेकांनी अडगळीत टाकले. सबब हा विषय मुळापासून समजावून सांगावा असे आम्हाला वाटले.

मेल राहतो कुठे?

पुष्कळ बंधूंची समजूत अशी की मेल थेट आपल्या फोनवर येतो. तसे नाही. मेल आधी मेल कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर येतो. आपली खरी मेलपेटी तिथे असते. फोनवर दिसते ती त्या पेटीची नक्कल. पेढीची मूळ वही मुनीमजीकडे आणि तिची नक्कल मालकाच्या खिशात, असा हा प्रकार आहे. मुनीमजींनी वहीत नोंद केली, पण मालकाने आपली नक्कल ताडून पाहिली नाही, तर मालक अंधारात राहणारच. मूळ वही आणि नक्कल यांचा मेळ घालण्याच्या कामालाच ‘सिंक’ म्हणतात.

हा मेळ घालण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एक ‘पॉप’. यात फोन किंवा संगणक मेल उचलून आणतो आणि सेटिंग तशी असेल तर सर्व्हरवरची मूळ प्रत काढूनही टाकतो. दुसरी ‘आयमॅप’. यात मूळ प्रत सर्व्हरवरच राहते आणि फोन, संगणक, मुलाचा लॅपटॉप असे सारे एकाच वहीत पाहतात. एका ठिकाणी मेल वाचला की सगळीकडे वाचलेला दिसतो. ज्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात एक संगणक आणि मालकाच्या हाती एक फोन आहे, त्यांनी आयमॅपच ठेवावे. ऑफिसचा संगणक ‘पॉप’वर असेल तर मुनीमजींनी सकाळी संगणक उघडताच मेल तिकडे निघून जातात आणि मालकाचा फोन रिकामा राहतो. आमच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी काहींचे मूळ एवढेच निघाले.

टपाल दारात येते की आणायला जावे लागते?

नवा मेल फोनला कसा कळतो, यालाही दोन तऱ्हा आहेत. पहिली ‘पुश’. मेल येताच सर्व्हर फोनला हाक मारतो. पोस्टमन दारात येऊन पत्र देतो, तशी. दुसरी ‘फेच’. यात फोन ठरलेल्या वेळाने सर्व्हरकडे जाऊन विचारतो, काही आले आहे का? पोरगा दर अर्ध्या तासाने पोस्टात पाठवावा, तशी.

आयफोन वापरणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. आयफोनच्या स्वतःच्या मेल अ‍ॅपमध्ये जीमेलचे खाते जोडले तर ‘पुश’ मिळत नाही, फक्त ‘फेच’ मिळते. आणि ‘फेच’ जर ‘ऑटोमॅटिकली’ यावर असेल तर पडद्याआडून मेल तेव्हाच आणला जातो, जेव्हा फोन चार्जिंगला लावलेला असतो आणि वाय-फायवर असतो. दिवसभर धामणकर नाका ते अंजूरफाटा फिरणाऱ्या व्यापाऱ्याचा फोन चार्जिंगलाही नसतो आणि वाय-फायवरही नसतो. म्हणजे त्याने स्वतः अ‍ॅप उघडेपर्यंत मेल येणार नाही. उपाय सोपा आहे. ‘फेच’ दर १५ मिनिटांवर ठेवावे, किंवा जीमेलचे स्वतंत्र अ‍ॅप घ्यावे आणि त्याला सूचना दाखवण्याची परवानगी द्यावी.

वाय-फायवर चालते, मोबाईल डेटावर नाही

आता आमच्या शांतीनगरच्या बंधूंकडे वळू. त्यांचा फोन आम्ही पाहिला. मेल अ‍ॅपला मोबाईल डेटा पडद्याआडून वापरण्याची परवानगीच नव्हती. त्यांनीच ती कधीतरी बंद केली होती. डेटा महाग होता त्या काळात, पॅक लवकर संपतो म्हणून. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, पण ती सेटिंग जुन्या फोनवरून नव्या फोनवर आणि तिथून सवयीत तशीच राहिली. व्हॉट्सअ‍ॅपला परवानगी होती, म्हणून ते चालत होते. त्यामुळे फोनचे नेट सुरू आहे म्हणजे मेलही सुरू आहे, असे त्यांनी धरून चालले.

अँड्रॉइड फोनवर तीन ठिकाणे तपासावीत. कंपनीनुसार नावे थोडी बदलतात, पण अर्थ तोच असतो.

पहिले, ‘अकाउंट्स’मध्ये आपोआप सिंक चालू आहे का, आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये त्या खात्यापुढे ‘सिंक’ची खूण आहे का. घरगुती आणि धंद्याची अशी दोन खाती असतील तर दोन्हींची खूण वेगवेगळी पाहावी. बहुधा घरगुती चालू आणि धंद्याचे बंद असे आढळते.

दुसरे, अ‍ॅपच्या माहितीत ‘मोबाईल डेटा’ या सदरात ‘बॅकग्राउंड डेटा’ चालू असावा. फोनभर ‘डेटा सेव्हर’ लावला असेल तर मेल अ‍ॅपला त्यातून सूट द्यावी. डेटा सेव्हरची ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून आहे.

तिसरे, बॅटरी. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोनमध्ये ‘डोझ’ नावाची डुलकी आहे. फोन चार्जिंगला नसेल, हलत नसेल आणि पडदा बंद असेल तर काही वेळाने तो अ‍ॅपचे नेट थांबवतो आणि मधूनमधून थोडा वेळच उघडतो. कारखान्यात आपण फोन फळीवर ठेवून मागांमध्ये फिरतो, तेव्हा हेच घडते. जीमेलसारख्या अ‍ॅपला गुगलची हाक डुलकीतही पोहोचू शकते, पण इतर मेल अ‍ॅप मागे पडतात. त्यात काही फोन कंपन्या आपली आणखी कडक बॅटरी-बचत वर लावतात. म्हणून मेल अ‍ॅपपुढे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावे. बॅटरी किंचित जास्त जाईल, पण ऐंशी ताक्यांच्या मानाने ती काहीच नाही.

वाय-फायची खूण आहे, पण नेट नाही

भिवंडीत हा प्रकार नेहमीचा. वीज जाते. घरात किंवा ऑफिसात इन्व्हर्टर असतो, म्हणून राउटरचे दिवे चालू राहतात. पण गल्लीतील केबलवाल्याची पेटी बंद पडलेली असते. फोन राउटरला जोडलेलाच राहतो, वर पंख्यासारखी खूण दिसते, आणि त्या मेलेल्या वाय-फायलाच चिकटून बसतो. मोबाईल डेटा शाबूत असूनही वापरत नाही. दुसरा प्रकार दाराशी घडतो. ऑफिसातून बाहेर पडून कारखान्याच्या दारात उभे राहिलो की वाय-फायची एकच रेघ उरते. तुटत नाही आणि कामही करत नाही.

अँड्रॉइडच्या पुष्कळ फोनमध्ये ‘वाय-फाय कमकुवत असल्यास मोबाईल डेटावर जावे’ अशा अर्थाची सेटिंग असते. आयफोनमध्ये ती २०१५ पासून ‘वाय-फाय असिस्ट’ या नावाने आहे. ती चालू ठेवावी. तरीही शंका आली तर वाय-फाय मिनिटभर बंद करून पाहावे. मेल धडाधड आले तर दोष कुठे होता ते कळलेच.

वाय-फायवरून मोबाईल डेटावर जाताना फोनचा नेटवरील पत्ता बदलतो. सर्व्हरशी जोडलेली जुनी तार तुटते, नवी जोडावी लागते. चांगली अ‍ॅप हे काम आपोआप करतात. जुनी, कित्येक वर्षे अद्ययावत न केलेली अ‍ॅप मात्र तुटलेल्या तारेवरच कान लावून बसतात. म्हणून मेल अ‍ॅप वेळोवेळी अद्ययावत करून घ्यावे.

मेल येतो, पण जात नाही

येणारा आणि जाणारा मेल हे दोन वेगळे रस्ते आहेत. स्वतःच्या पेढीच्या नावाचा मेल पत्ता ज्यांनी घेतला आहे, त्यांच्या सेटिंगमध्ये आकडे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. येणाऱ्या आयमॅपसाठी ९९३ आणि जाणाऱ्यासाठी ५८७ किंवा ४६५ असावा. जाणाऱ्यासाठी जुना २५ क्रमांक घातलेला असेल तर पुष्कळ नेट कंपन्या तो अडवतात, कारण कचरा-मेल पाठवणारे तोच वापरत. मग असे होते की एका नेटवरून मेल जातो आणि दुसऱ्यावरून जात नाही, आणि आपण दोष फोनला देतो.

हॉटेल, विमानतळ, प्रदर्शनाचा मंडप इथल्या वाय-फायला जोडले की आधी एक पान उघडते, नंबर टाका, मान्य करा. ते पान भरले नाही तर वाय-फायची खूण येते, पण मेल येतही नाही आणि जातही नाही.

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की ‘सेंड’ दाबले म्हणजे मेल गेला असे नव्हे. नेट कमकुवत असेल तर तो ‘आउटबॉक्स’मध्ये पडून राहतो. कापडाच्या नमुन्याचे दहा-बारा मोठे फोटो जोडले की हे हमखास घडते. जीमेलवर जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे. म्हणून महत्त्वाचा मेल पाठवल्यावर ‘सेंट’ खान्यात जाऊन तो तिथे आहे का, हे पाहूनच फोन खिशात ठेवावा.

पेटीच भरली तर?

गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, आणि ती मेल, फोटो व ड्राइव्ह यांत मिळून असते. अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपची साठवणही आता याच जागेत मोजली जाते. डिझाइनचे व्हिडिओ, लग्नाचे फोटो, सकाळचे सुविचार या साऱ्यांनी ती जागा भरली की नवा मेल येणे बंद होते आणि पाठवणाऱ्याकडे परत जातो. हा दोष कोणत्याही नेटवर सारखाच दिसतो. महिन्यातून एकदा जागा तपासावी आणि धंद्याचा मेल पत्ता घरच्या फोटोंपासून वेगळा ठेवावा, हे उत्तम.

पासवर्ड बदलल्यावरही सिंक गुपचूप थांबते. मे २०२२ अखेरीपासून गुगलने साध्या खात्यांसाठी जुन्या अ‍ॅपना केवळ पासवर्डवर प्रवेश देणे बंद केले. त्यामुळे जुन्या संगणकावरील मेल अचानक बंद पडलेले काही बंधू आम्हाला भेटले. त्यांनी दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करून ‘अ‍ॅप पासवर्ड’ घ्यावा किंवा नवे अ‍ॅप वापरावे.

उमऱ्याला किंवा धंद्यासाठी दुबईला जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. परदेशात डेटा रोमिंग बंद असेल तर मेल फक्त वाय-फायवर येईल. शिवाय नव्या ठिकाणाहून खाते उघडताना पडताळणीचा आकडा भारतातील नंबरावर एसएमएसने येतो. तो नंबर बंद असेल तर आपणच आपल्या पेटीबाहेर राहू. निघण्यापूर्वी गुगल खात्यातील ‘बॅकअप कोड’ कागदावर उतरवून पासपोर्टपासून वेगळ्या जागी ठेवावेत.

कायदा काय म्हणतो?

इथे खरा धोका आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ प्रमाणे, दोघांत वेगळे काही ठरले नसेल तर, मेल पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणकात शिरला की तो ‘पाठवला’ असे धरले जाते, आणि मिळणाऱ्याने नेमून दिलेल्या मेलपेटीत शिरला की तो ‘मिळाला’ असे धरले जाते. तुमच्या फोनने तो दाखवला की नाही, तुम्ही वाचला की नाही, याची कायदा वाट पाहत नाही. म्हणजे सर्व्हरवर आलेला मेल तुम्हाला मिळालेला आहे, आणि तुमच्या आउटबॉक्समध्ये अडकलेला मेल गेलेलाच नाही. दोन्हीकडून तोटा तुमचाच.

मेलवरचा सौदा कच्चा असतो, असेही कोणी समजू नये. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अ‍ॅल्युमिनियम या खटल्यात बॉक्साइटच्या पुरवठ्याचा सौदा मेलच्या देवाणघेवाणीतून झाला होता, सहीचा रीतसर करारनामा झालेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये तो सौदा पक्का मानला.

जीएसटीचेही तसेच. कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीच्या वेळी दिलेल्या मेल पत्त्यावर पाठवलेली नोटीस बजावली गेली असे मानता येते. नोंदणी रद्द करण्याच्या नोटिशीला उत्तर देण्यास कामाचे ७ दिवस मिळतात. आपल्याकडे नोंदणी करताना पुष्कळांनी कर सल्लागाराचाच मेल पत्ता दिलेला असतो. सल्लागार बदलला, पत्ता तोच राहिला. अशा वेळी आपल्या फोनचे सिंक कितीही उत्तम असले तरी नोटीस दुसऱ्याच्या पेटीत पडते. पोर्टलवर जाऊन आपला पत्ता आजच तपासावा.

उलट बाजूने मेल आपले रक्षणही करतो. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ज्यांची ‘उद्यम’ नोंदणी कारखानदार म्हणून आहे, त्यांनी बिल आणि चलन त्याच दिवशी मेलने पाठवून त्याची नोंद ठेवली, तर पुढे “माल केव्हा मिळाला” हा वाद सहसा उभा राहत नाही.

उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याची आणि त्यावर साक्षीदार ठेवण्याची ताकीद कुरआनच्या सूरह अल्-बकरामधील २८२ व्या आयतीत आहे. कुरआनातील ही सर्वांत लांब आयत व्यापारी व्यवहाराविषयी आहे, हे आपण विसरता कामा नये. मेल हा आजचा लिखित कागद आहे. तो वेळेवर वाचणे आणि जपणे हा सचोटीच्या व्यापाराचाच भाग आहे.

एक सावधगिरी

“आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यात टाका,” असा मेल आला तर तो कितीही ओळखीच्या पत्त्यावरून आलेला दिसो, आधी जुन्या, माहितीतल्या नंबरावर फोन करून खात्री करावी. मेलमध्ये दिलेल्या नंबरावर नव्हे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम हातातून जाण्याची शक्यता जास्त.

पंधरा मिनिटांची परीक्षा

ज्यांचा कारखाना जुम्याला बंद असतो त्यांनी त्या दिवशी, इतरांनी सवडीने, एवढे करून पाहावे. फोनचे वाय-फाय बंद करा, पडदा बंद करून फोन फळीवर ठेवा आणि मुलाच्या फोनवरून स्वतःला एक मेल पाठवा. पंधरा मिनिटांत फोन वाजला तर मोबाईल डेटावर सिंक ठीक आहे. मग वाय-फाय चालू करून तेच करा. तिसऱ्या वेळी घरातून वाय-फायवर निघून बाहेर रस्त्यावर या आणि तिथे मेल मागवा. शेवटी कारखान्यात, पत्र्याखाली, जिथे आपण सर्वांत जास्त वेळ असतो तिथून एक मेल पाठवून तो ‘सेंट’ खान्यात गेला का पाहा. चारांपैकी जिथे अडेल, तिथला उपाय वर दिला आहे.

आमच्या त्या बंधूंचा फोन दुरुस्त करायला दोन मिनिटे लागली. आता ते रोज फज्रनंतर एकदा आणि इशानंतर एकदा स्वतः मेल उघडून पाहतात, आणि महत्त्वाच्या मेलला “मिळाला” एवढे एका शब्दाचे उत्तर तरी देतात. मुंबईची ती पेढी आजही त्यांनाच ऑर्डर देते. यंत्राच्या भरवशावर न राहता माणसाने लक्ष ठेवले की धंद्यातील विश्वास टिकतो. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो.